आधी चष्मा, बंदूक शेवटी

वासू, तुझ्या लोखंडी पेटीची किल्ली वहिनीने माझ्या हातावर ठेवली. तेरवीचं जेवण उरकून माणसं पांगली होती, मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. ती म्हणाली, "भाऊजी, त्या बंदुका अन् काय काय हाय ते घेऊन जा. मले ते घरात पाहवत नाही." मी किल्ली खिशात घातली. तुझ्याबद्दल काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं, त्या दिवशी सगळेच बोलत होते. माझ्या तोंडात मात्र शिव्याच येत होत्या, म्हणून मंडपवाल्याबरोबर खुर्च्या उचलू लागलो. आता लिहायला बसलोय, तर शिव्याच लिहिणार आहे. एरवी तू मला तिसऱ्या वाक्याला तोडलं असतंस. आता निदान माझं पूर्ण बोलून होईल.

सगळे म्हणत होते, भला माणूस गेला. भला होतास की नाही ते मला सांगता येत नाही. हट्टी होतास, बोलघेवडा होतास, आणि दुसऱ्याला अक्कल शिकवण्यात तुझा हात धरणारा आपल्या तालुक्यात कोणी नव्हता. कशाने गेला असं बाहेरगावच्या पाहुण्याने विचारलं, की उत्तर तयार होतं, फवारणीत गेला. आपल्याकडे हे असं सांगतात, जसा कोणी बाजाराला गेला. ऐकणारा मान हलवतो आणि तुमच्याकडे पाऊस कसा झाला ते विचारतो. तुझ्या ओसरीत बसून मी हे संभाषण इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी उठून विहिरीकडे निघून गेलो.

तुझं ते खूळ सुरू झालं तो दिवस मला चांगला आठवतो. नागपूरला साळ्याच्या लग्नाला गेला होतास. तिथल्या पोरांनी तुला शहराबाहेर कुठल्याशा माळावर नेलं आणि प्लास्टिकच्या गोळ्यांच्या बंदुकांचा खेळ खेळायला लावला. परत येताना बाभुळगावची एसटी न धरता तू यवतमाळात उतरलास आणि बॅग घेऊन थेट माझ्या चष्म्याच्या दुकानात आलास. काउंटरवर गिऱ्हाईक बसलेलं, तरी म्हणालास, "अबे चष्म्या, जिंदगीत पहिल्यांदा तुह्या धंद्याचा काही उपयोग होईल असं वाटून राह्यलं."

मग तू खेळ समजावून सांगितलास. बंदूक दिसायला खरीसारखी, गोळी तुरीच्या दाण्याएवढी, प्लास्टिकची. दोन गट पाडायचे, झाडाझुडपातून लपतछपत जायचं. या गोळीचा रंग फुटत नाही, डाग पडत नाही, त्यामुळे कोणाला लागली हे ज्याला लागली त्यालाच नक्की कळतं. त्याने आपणहून हात वर करायचा, लागली म्हणायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. पंच नाही, कॅमेरा नाही. सगळा खेळ इमानावर, असं म्हणताना तुझा चेहरा देवळातून आल्यासारखा झाला होता. मी हसलो. इमानावर चालणारा खेळ आणि तो खेळणार कोण, तर आपण लोक, ज्यांनी कॉलेजात हजेरीसुद्धा एकमेकांची लावली.

तुझ्या शेताच्या वरच्या अंगाला ते बरड होतं, जिथे पळस, बाभूळ आणि बोराटी यांच्याशिवाय काही उगवत नव्हतं. तुझ्या बाबांनी ते जनावरं चारायला सोडलेलं. तू तिथे मैदान केलंस. कापसाच्या वाळल्या झाडांचे, पऱ्हाट्यांचे भारे रचून आडोसे केलेस, जुनी बैलगाडी आडवी पाडून किल्ला केलास. आणि कोणाला काय विकत घ्यायचं ते तू ठरवणार, हे आपसूकच ठरून गेलं. आम्हाला वाटलं आता बंदुकांची नावं सांगशील. तू म्हणालास, "आधी चष्मा. मग जोडा. मग तोंडावरची जाळी. बंदूक शेवटी. ज्याले आधी बंदूक पाह्यजे त्यानं जत्रेत जाऊन फुगे फोडावे."

आता मला चष्म्यातलं काही कळत नाही असं कोणी म्हणणार नाही, वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे. मी माझ्याकडचा चांगला, मोटरसायकलवाल्यांना विकतो तो काळा गॉगल घेऊन आलो. दिसायला झकास. तू तो हातात घेतलास, उलटसुलट केलास आणि बाभळीच्या फांदीला अडकवलास. चार पावलं मागे गेलास आणि गोळी मारलीस. काच मधोमध तडकली, एक तुकडा खाली पडला. "हे तुहं दुकान," तू म्हणालास. मी तुझ्याशी अर्धा दिवस बोललो नाही, पण त्या तडकलेल्या काचेमागे माझा डोळा असता हे मला दिसत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

तेव्हापासून नियम झाला. नवा चष्मा कोणीही आणो, आधी तो बाभळीवर चढणार, गोळी खाणार आणि मगच माणसाच्या तोंडावर बसणार. चारी बाजूंनी चेहऱ्याला चिकटणारा हवा, बगलेतून गोळी शिरता कामा नये, मागे पट्टा हवा, म्हणजे पळताना उडणार नाही. माझ्यासारख्या नंबरवाल्याने आतल्या चष्म्यासकट बसेल असा मोठा घ्यायचा. वाफ धरते म्हणून खेळ चालू असताना वर करायचा नाही. दिसत नसेल तर हात वर करून बाहेर यायचं, मग पुसायचा. वाफेवर साबणाचं सुकं बोट फिरवून पुसायची युक्ती मीच तुला दिली. तू ती सगळ्यांना आपली म्हणून सांगायचास. मी एकदा तक्रार केली तर म्हणालास, "तू विकतो तरी, सांगत काहून नाही गिऱ्हाइकाले?"

राळेगावचा मास्तर आठवतो ना? आठवत असेलच, त्याच्या फजितीच्या गोष्टीवर तर तू वर्षभर जेवलास. त्याने मोबाइलवरून हातभर लांबीची, बॅटरीवर चालणारी, बोट दाबलं की धडाधड गोळ्या सोडणारी बंदूक मागवली आणि पायात चप्पल घालून खेळायला आला. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढराशुभ्र शर्ट. तू त्याला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसवलंस, पूर्ण सकाळ. शाळेत पोरांना वर्गाबाहेर काढणारा माणूस पळसाखाली मांडीवर बंदूक घेऊन बसलेला. शेजारी तुझे बाबा बसले होते, ते त्याला म्हणाले, "मास्तर, मले बी नाही घेत हे लोक. या बसा." पुढच्या रविवारी मास्तर घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, पूर्ण बाह्यांचा मळखाऊ शर्ट आणि चष्मा घेऊन आला. बंदूक मात्र तू त्याला आपली जुनी दिलीस, एका वेळी एक गोळी सोडणारी, दर वेळी हाताने ओढायची. नवशिक्याने हीच घ्यावी असं तुझं मत होतं. एकच गोळी असली की माणूस बघून मारतो.

आणि खेळाच्या फौजी कपड्यांवर पैसे घालू देत नव्हतास. घरातली जुनी जाड पॅन्ट, मातीच्या रंगाचा शर्ट, हातात बाजारात मिळणारे जाडे हातमोजे. गोळ्यासुद्धा तू मातीत विरघळणाऱ्याच आणायला लावायचास, कारण बरडात तुमच्या गाई चरायच्या. दातांसाठी जाळी. ती घालायला सगळ्यांना लाज वाटायची, कुत्र्याला मुसकं बांधल्यासारखं दिसतं म्हणून. तू म्हणायचास, दिसू दे. दात परत येत नाही.

हे सगळं मी पुन्हा का लिहितोय तुला कळतंय ना, वासू? तुला सगळं माहीत होतं म्हणून. अडाणी असतास तर मी रडलो असतो. तुझ्या बाबतीत नुसतं रडून भागत नाही.

आपलं ते भांडण अर्धवटच राहिलं. थंडीतला रविवार होता. मी बोराटीमागे दबा धरून होतो, तू गाडीच्या आडून आलास आणि मारलीस. गोळी माझ्या ढगळ शर्टाच्या बाहीला चाटून गेली. फडफड झाली, अंगाला काही लागलं नाही. तू उभा राहून म्हणालास, हात वर कर. मी म्हटलं, कपड्याला लागली, मला नाही. तू बंदूक खाली ठेवलीस. सगळ्यांना थांबवलंस. आणि सगळ्यांसमोर, मास्तरसमोर, बाबांसमोर मला म्हणालास, "कपड्याले लागली म्हणजे तुलेच लागली. कपडा काय शेजाऱ्यानं घातला हाय?"

मी हात वर केला नाही. तू खेळ बंद केलास आणि घरी निघून गेलास. त्यानंतर कितीतरी दिवस फोन नाही, काही नाही. मग एक दिवस वहिनीच्या चष्म्याचं निमित्त काढून दुकानात आलास, चहा प्यायलास, कापसाच्या भावाच्या गोष्टी केल्यास आणि गेलास. तो विषय ना तू काढलास ना मी. पण माझं वाक्य गटात म्हण होऊन बसलं. कोणाला ठेच लागली, कोणाच्या अंगावर चहा सांडला, की बाकीचे म्हणायचे, कपड्याला लागलं, त्याला नाही. तू सगळ्यात मोठ्याने हसायचास.

आणखी एक भांडण होतं, ते तर नीट सुरूही झालं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू फवारणी करून येत होतास. डोक्याला दुपट्टा, अंगात बाही फाटलेला शर्ट, पॅन्ट गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात काही नाही. पॅन्ट भिजू नये म्हणून आपल्याकडे ती वर खोचतात. पॅन्ट कोरडी राहते, विष पायाला लागतं. मी म्हटलं, तुझ्या पेटीत एवढे चष्मे पडले आहेत, जोडे आहेत, मोजे आहेत, ते काय फक्त रविवारी घालायचे? तू माझ्याकडे असं बघितलंस, जसा मी देवळात चप्पल घालून आलो. म्हणालास, "लेका, तो खेळ हाय. हे काम हाय. कामात कोन चष्मा घालते?"

मी हसलो नाही. पण वादही घातला नाही, कारण मला तुझं म्हणणं समजलं होतं, हेच वाईट आहे. पऱ्हाटीत कोणी हातमोजे, चष्मा घालून उतरला तर रस्त्याने जाणारा हमखास विचारतो, नवरदेव, वरात कुठं चालली. औषधाच्या दुकानदाराने फुकट दिलेला कागदासारखा मुखवटा ट्रॅक्टरच्या आरशाला लटकवायला असतो. जे अंगाला लागतं ते आपल्या शिवारात मोजतच नाहीत. ऊन, काटा, विष, सगळं एकाच हिशेबात. शेतकऱ्याच्या पोराने प्लास्टिकच्या गोळीपासून डोळा वाचवायचा, कारण तो खेळ शहरातून आला आणि येताना आपले नियम घेऊन आला. फवारा घरचा. घरच्याला कसले नियम?

तुझा शेवटचा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. तू पऱ्हाटीतूनच बोलत होतास. फवारणारा मजूर आला नाही म्हणून स्वतःच पंप घेतला होतास. रविवारी बाभुळगावची दोन नवी माणसं खेळायला येणार होती, त्यांच्यासाठी मोठे चष्मे काढून ठेव म्हणालास, एकाला नंबर आहे. मग म्हणालास की डोकं जरा जड झालंय, उमस आहे. मी विचारलं पंप कोणता, तो गळका तर नाही? तू हसलास. "गळते थोडासा. पाठ वली झाली. पन कपड्याले लागलं बे, मले नाही."

मी हसलो, वासू. माझंच वाक्य तू मला परत केलंस, इतक्या महिन्यांनी, आणि मला वाटलं आता आपलं भांडण मिटलं. गिऱ्हाइकाने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, मित्र आहे. फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं, ते मला विसरता येत नाही.

दुपारी वहिनी डबा घेऊन गेली तेव्हा तू धुऱ्यावर पळसाला टेकून बसला होतास, मास्तरला बसवलं होतंस त्याच झाडाला. तोंडातून लाळ येत होती, घामाने चिंब, आणि ती काय बोलते ते तुला कळत नव्हतं. पंप जवळ पडला होता. शर्ट अंगातच होता. ऑटोत घालून यवतमाळला आणलं, दुकान उघडं टाकून मी दवाखान्यात धावलो. डॉक्टरने तुझ्या पापण्या वर केल्या. दिवसभर लोकांच्या डोळ्यात बघणं माझा धंदा आहे. तुझ्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तशा मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी तुझ्या कानाशी नाव घेतलं, तू ओळख दिली नाहीस. त्यानंतर तू कोणाशीच बोलला नाहीस आणि मग एका सकाळी वॉर्डातल्या बाईने आम्हाला बाहेर बोलावलं.

चौकशीला एक साहेब आले होते. सभ्य माणूस, चहा नको म्हणाला. त्याने बाबांना विचारलं, चष्मा, मोजे, मुखवटा घातला होता का? बाबा म्हणाले, नाही. साहेबाने ते लिहून घेतलं आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. मला तो मोकळा झालेला चेहरा फोडावासा वाटला. मग वाटलं, त्याच्यावर कशाला चिडतोस, त्याला ही संधी दिली कोणी? तूच दिलीस. घरात पेटी भरून चष्मे असणारा माणूस, ज्याने अख्ख्या गटाला डोळे झाकायला शिकवलं, त्याने उघड्या तोंडाने विषात उतरून आपल्या मरणाचा दोष स्वतःच्याच नावावर लावून ठेवला. आता पंप गळका होता, औषध जहाल होतं, वारा तोंडावर होता, यातलं कोणाला काही विचारायची सोयच राहिली नाही.

मास्तर तेरवीला आला होता. त्याने खिशातून आपला खेळायचा चष्मा काढून मला दाखवला. उजव्या काचेवर मधोमध एक पांढरा ठिपका आहे, मागच्या उन्हाळ्यात जवळून बसलेल्या गोळीचा. तो चष्मा त्याने नंतर बदलला, पण टाकला नाही. म्हणाला, या डोळ्याने मी वह्या तपासतो. एवढंच बोलून तो रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. त्याचा डोळा शाबूत आहे, माझे दोन्ही शाबूत आहेत, आमच्यापैकी कोणाचा दात पडला नाही, कोणाच्या पायात काटा मोडला नाही. हे तुझे उपकार आहेत आणि ते मी विसरणार नाही. पण आम्हाला एवढं जपणारा माणूस स्वतःला आमच्यात मोजत नव्हता, हे कळल्यावर त्या उपकारांचं ओझं होतं.

काल सकाळी पेटी घ्यायला तुझ्याकडे गेलो. बैलांच्या कोठ्यात, कडब्याच्या मागे होती. उघडली. प्रत्येक चष्मा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, पट्ट्याला ज्याचा त्याचा रंगीत दोरा. माझा हिरवा. सगळ्यात वर दोन नवे मोठे चष्मे होते, फडक्याशिवाय, रविवारच्या माणसांसाठी काढून ठेवलेले. मला काढून ठेव म्हणालास आणि स्वतःच काढून ठेवले होतेस, तुझा कोणावर विश्वास होता कधी? बंदुका मी बाहेर काढून पोत्यात भरल्या. तेवढ्यात मागे पंप उचलल्याचा आवाज आला.

तुझे बाबा होते. डोक्याला दुपट्टा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात काही नाही. पाठीवर तोच पंप, झाकणाला चिंधी बांधलेली. मी विचारलं, काका, कुठे? ते म्हणाले की अर्ध्या वावराची फवारणी राहिली आहे, अळी बोंडात शिरली. पिकाला तेरवी कळत नाही. मी म्हटलं मजूर बघू. ते म्हणाले, तुझं असं झालेलं ऐकल्यापासून गावात कोणी पंपाला हात लावत नाही. मी पेटीतला चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बघितला आणि मग माझ्याकडे.

"त्यानं नाही घातला," ते म्हणाले. "मी कायले घालू?"

हे घे, वासू. हे तुझं मागे राहिलं. तुझे सगळे नियम, ती बाभळीवरची परीक्षा, सगळं एका बाजूला; आणि तू एक दिवस काय केलंस ते एका बाजूला. माणसं सांगितलेलं धरत नाहीत, केलेलं धरतात. तुझ्या म्हाताऱ्या बापाला उघड्या तोंडाने विषात जायचं होतं, ते तुझ्या सोबतीला. मला त्यांच्याशी वाद घालता येईना. शेवटी एवढंच म्हणालो, "काका, त्याच्या मैदानात हा घातल्याशिवाय त्यानं कोणाले उतरू देल्लं का? मास्तरले बसवलं होतं ना धुऱ्यावर?"

त्यांनी चष्म्याच्या काचेवर बोट फिरवलं. मग पंप खाली ठेवून मान पुढे केली. मी चष्मा चढवला, पट्टा मागे ओढून घट्ट केला, पहिल्या दिवशी तू माझा केला होतास तसा, कान दुखेपर्यंत. हातमोजे घातले. तुझे जोडे त्यांना सैल झाले, आत फडकं कोंबलं. पॅन्ट खाली सोडली. तोंडावर ओला दुपट्टा बांधला. खेळातली जाळी विषाला काय अडवणार, म्हणून ती पेटीतच ठेवली. पंपाच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि मनात म्हटलं, गळती एवढ्याने थांबणार नाही. रस्त्याने जाणारा एक जण थांबला, पण काही म्हणाला नाही. घरात मरण झालेलं असलं की नवरदेव म्हणत नाहीत.

ते पऱ्हाटीत शिरले आणि मी धुऱ्यावर पळसाखाली बसलो. वारा पाठीमागून होता हे बघून घेतलं. पंपाची घरघर पुढे जाई, वळून परत येई. पीक त्यांच्या छातीपर्यंत आलंय, लांबून फक्त दुपट्टा आणि त्या मोठ्या चष्म्याची काच चमकताना दिसायची. मी त्यांच्या पाठीवरची नजर काढली नाही. काही ओळी झाल्या आणि धुऱ्याजवळ वळताना पंपाखाली शर्टाचा रंग बदललेला दिसला. आधी तळहाताएवढा, मग खाली कमरेपर्यंत. ट्यूबने दगा दिला होता.

मी उभा राहून ओरडलो, काका, बाहेर या. ते थांबले. एक ओळ राहिली म्हणाले. मी म्हटलं पाठ भिजली आहे. त्यांनी मागे हात नेऊन चाचपलं आणि म्हणाले, "शर्टाले लागलं रे. मले काही नाही झालं."

ते गमतीने म्हणाले नव्हते. तुझ्यासारखे हसले नाहीत, माझ्यासारखे भांडत नव्हते. साधं, खरं वाटलं ते सांगितलं होतं. आणि मी, ज्याने तुला आजपर्यंत तो एक हात वर करून दाखवला नाही, मी पऱ्हाटीच्या कडेला उभा राहून तुझं वाक्य म्हणालो, जसंच्या तसं.

"कपड्याले लागलं म्हणजे तुमालेच लागलं, काका. कपडा काय शेजाऱ्यानं घातला हाय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या आत वाफ धरली होती, त्यांचे डोळे मला दिसले नाहीत. त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. मग इतक्या रविवारी धुऱ्यावर बसून पाहिलेलं त्यांना आठवलं असावं. त्यांनी उजवा हात सरळ वर केला आणि तसाच वर धरून ते दोन ओळींच्या मधून चालत बाहेर आले. मी पंप उतरवला, शर्ट काढला, विहिरीवर नेऊन साबण लावून पाठीवर बादल्या ओतल्या. ते लहान पोरासारखे वाकून बसले होते, चष्मा अजून डोळ्यांवरच. पाठ पुसून झाल्यावर ते सावलीला बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, आता राहिलेली ओळ उद्या.

एवढंच करायचं होतं, वासू. शर्ट काढायचा होता.